लिनक्स सर्व्हरवरचा डेटाबेस आणि देवनागरी नावं : पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधले कारखाने, द्राक्षांची पॅकहाउसं, कांद्याच्या आडती आणि पतसंस्था यांच्या हिशेबाखाली आज अनेक ठिकाणी लिनक्स सर्व्हर आणि त्यावर मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस असतो. इन्स्टॉलेशनचं काम तासाभरात उरकतं. मात्र शेतकऱ्याचं नाव, गाव आणि शेरा या तीन मराठी रकान्यांचं काय होणार, हेही त्याच तासात ठरून जातं. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

माहिती तक्त्यांत मांडणाऱ्या रिलेशनल मॉडेलचा मूळ शोधनिबंध १९७०चा. त्यावरचे पहिले प्रयोग त्याच दशकातले. पोस्टग्रेसचं काम एका अमेरिकी विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालं, मायएसक्यूएल १९९५ मध्ये आलं, आणि पोस्टग्रेसला आजचं पोस्टग्रेसएसक्यूएल हे नाव १९९६ मध्ये मिळालं. या सगळ्या काळात देवनागरीचा विचार भारतात वेगळ्याच वाटेने चालला होता. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचं मानक ठरलं. डॉसवर फॉक्सप्रो हा डेटाबेस चालवणारे संगणकात जिस्ट कार्ड हे भारतीय लिप्या दाखवणारं कार्ड लावून मराठी पाहत. मग विंडोज आलं आणि फॉन्टांचा काळ सुरू झाला : श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी. या फॉन्टांमध्ये साठवलं जातं ते इंग्रजी अक्षर, त्याच्यावर दिसतं मराठी.

हा मजकूर पुढे मायएसक्यूएलमध्ये गेला. तिथे मूळ सेटिंग होती लॅटिन१ हा पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच आणि क्रमवारी स्वीडिश, कारण बनवणारी कंपनी स्वीडनची होती. ही क्रमवारी लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही. कृतिदेवात मात्र लहान ‘एन’ म्हणजे द आणि मोठा ‘एन’ म्हणजे छ. म्हणजे डेटाबेसच्या लेखी द आणि छ एकच! शोध चुकायचा आणि नावांचा क्रम विस्कटायचा. युनिक की (एक मूल्य दोनदा येऊ न देणारी अट) लावलेल्या रकान्यात दोन वेगळी नावं ‘आधीच आहे’ म्हणून नाकारली जाण्याची सोय यातच होती.

प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे मिटायला हवं होतं. इथेच तो निर्णय येतो, ज्याची किंमत अजूनही मोजावी लागते.

मायएसक्यूएलच्या ४.१ आवृत्तीसाठी यूटीएफ-८ची, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीची, सोय लिहिली गेली तेव्हा २००२ च्या सुरुवातीला एका अक्षराला सहा बाइटांपर्यंत जागा होती. त्या वेळच्या मानकात तसंच होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीतल्या कुणीतरी एक छोटासा बदल करून ही मर्यादा तीन बाइटांवर आणली. कारणांबद्दल आजही वाद आहे. ठरावीक लांबीच्या रकान्यात प्रत्येक अक्षरासाठी कमाल जागा राखून ठेवावी लागायची, ती वाचवायची होती, हे त्यातलं सर्वांत पटणारं. पण नोव्हेंबर २००३ मध्ये मानकाने यूटीएफ-८ची मर्यादा चार बाइटांवर पक्की केली आणि ४.१ ची स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. मध्ये जवळपास वर्ष होतं. चौथा बाइट देता आला असता. निदान अर्धवट सोयीला पूर्ण मानकाचं नाव देणं तरी टाळता आलं असतं. माझ्या मते खरी चूक ही दुसरी. जागेची काटकसर समजू शकते, पण कॉन्फिगरेशनमध्ये ‘यूटीएफ८’ लिहिणाऱ्या प्रशासकाला आपण पूर्ण युनिकोड घेतलं असं वाटत राहिलं आणि तसं न वाटायला काही कारणच नव्हतं.

आपल्याकडे ही फसगत उशिरा लक्षात आली, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमके तीन बाइट घेतं. ‘नाशिक’ म्हणजे काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, पंधरा बाइट. सगळं नीट बसायचं. मग मोबाइल आले. पॅकहाउसच्या शेऱ्याच्या रकान्यात कुणी द्राक्षाच्या घडाचं इमोजी टाकलं, की ते चार बाइटांचं. न बसणारा मजकूर नाकारणारा कडक मोड बंद असेल तर इमोजी आणि त्याच्या पुढचा सगळा मजकूर कापला जायचा. एरर नाही, फक्त एक इशारा, आणि तो कुणी वाचत नाही. कडक मोड मूळ सेटिंगमध्ये आला तो २०१५ च्या ५.७ आवृत्तीत.

इमोजीपुरतीच गोष्ट असती तर सोडूनही देता आली असती. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली आणि तिचीही अक्षरं चार बाइटांची आहेत. रामकुंडाच्या परिसरातल्या तीर्थपुरोहितांकडच्या जुन्या वंशावळींच्या चोपड्या असोत की कुणाच्या घरातले मोडी दस्त, त्यांचं लिप्यंतर न करता मूळ अक्षरं साठवायची म्हटली तर तीन बाइटांचा रकाना ती घेऊच शकत नाही.

पूर्ण सोय यूटीएफ८एमबी४ या वेगळ्या नावाने २०१० च्या ५.५ मालिकेत आली. ती लावतानाही अडचण होतीच. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-इंजिनात एका रकान्याच्या इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइट होती. २५५ अक्षरं गुणिले तीन म्हणजे ७६५, बसतात. गुणिले चार म्हणजे १०२०, बसत नाहीत. जुन्या टेबलांमध्ये १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळे. ही मर्यादाही व्यवहारात ५.७ पासूनच सैल झाली, आणि एमबी४ मूळ सेटिंग व्हायला २०१८ ची ८.० आवृत्ती उजाडली.

दरम्यान मालकी बदलत होती. २००८ मध्ये मायएसक्यूएलची कंपनी सुमारे शंभर कोटी डॉलरला विकली गेली. जानेवारी २०१० मध्ये ती विकत घेणारी कंपनीच एका मोठ्या डेटाबेस कंपनीच्या ताब्यात गेली. मूळ निर्मात्यांपैकी एकाने २००९ मध्येच मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. त्यानंतर लिनक्स वितरणांची पांगापांग झाली : रेड हॅट ७ आणि सेंटओएस ७ मध्ये २०१४ पासून मारियाडीबी, डेबियन ९ मध्ये २०१७ पासून तेच, उबुंटूत मात्र मायएसक्यूएलच. म्हणून एकाच जुन्या टिपणावरून दोन सर्व्हर उभे केले तर मूळ कॅरेक्टर सेट, रूट वापरकर्त्याची ओळख पटवण्याची पद्धत आणि कॉन्फिगरेशन फाइलची जागा, तिन्ही वेगळी निघू शकतात.

सर्वांत अवघड वारसा आहे एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, चुकीच्या लेबलाचा. अॅप्लिकेशन यूटीएफ-८ पाठवतं, कनेक्शन लॅटिन१ सांगतं, रकानाही लॅटिन१. पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसतं, म्हणून कुणी बघत नाही. पण असा रकाना तीस अक्षरांचा असेल तर त्यात खरं तर तीसच बाइट मावतात : ‘पिंपळगाव बसवंत’ला चाळीस लागतात, मग ‘पिंपळगाव ब’ आणि पुढच्या अक्षराचे दोन तुटके बाइट एवढंच उरतं. डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची फाइल, घेऊन नव्या सर्व्हरवर चढवला, की उरलेल्या नावांच्या जागी स्वरचिन्हं लावलेली युरोपीय अक्षरं येतात. सर्व्हरची मूळ सेटिंग बदलल्याने जुनी टेबलं बदलत नाहीत. सर्व्हर, डेटाबेस, टेबल, रकाना आणि कनेक्शन या पाचही पातळ्या वेगळ्या तपासाव्या लागतात. तीस बाइटांवर कापलेलं गाव मात्र कोणत्याही पातळीवर परत मिळत नाही, ते कागदी पावतीवरूनच भरावं लागतं.

पोस्टग्रेसमध्ये तीन बाइटांचा घोळ नाही, पण तिथे मूळ एन्कोडिंग क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या डेटाबेसांचा संच, तयार होतानाच ठरतं. डेबियन कुळात पॅकेज टाकताच क्लस्टर आपोआप बनतं आणि सिस्टिमचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) उचलतं. ते कोरं असेल तर एसक्यूएल-आस्की मिळतं, म्हणजे एन्कोडिंग तपासलंच जात नाही, म्हणून लोकेल आधी बसवावं लागतं. शिवाय क्रमवारी सहसा सिस्टिमच्या सी लायब्ररीकडून येते. तिच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम बदलले, त्यामुळे डेटा फोल्डर उचलून जुन्या मशीनवरून नव्यावर ठेवणाऱ्यांचे मजकुराचे इंडेक्स चुकीचे ठरले. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्याची लायब्ररी २.१७ होती. तिथून पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर आजच्या वितरणावर थेट न्यायचं असेल तर रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, हा त्या कामाचाच भाग आहे.