‘बेल्स पोएट्स’ की ‘जॉन्सन्स पोएट्स’? सुटा खंड कसा ओळखायचा

अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी कवितांचा छोटा, चामडी बांधणीचा एखादा खंड हाती आला, की तो दोन मोठ्या संचांपैकी एकातला असण्याची शक्यता बरीच असते. एक संच जॉन बेल या लंडनच्या प्रकाशकाचा, १०९ खंडांचा. दुसरा ‘जॉन्सनचे कवी’ (जॉन्सन म्हणजे लेखक आणि समीक्षक डॉ. सॅम्युएल जॉन्सन) म्हणून ओळखला जाणारा, ६८ खंडांचा. दोन्ही एकाच सुमाराचे, दोन्हींत मिल्टन, ड्रायडन, पोप, थॉमसन हेच मोठे कवी, आणि दोन्हींत कवींची चरित्रंही. विक्रेत्यांच्या याद्यांत आणि स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या नोंदींत त्यांची सरमिसळ होते. ती टाळायची तर पहिला नियम एकच: पुस्तकाच्या पाठीवर काय लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. त्या काळी पुस्तक बहुधा नुसतं शिवून किंवा साध्या पुठ्ठ्यात विकलं जाई. चामड्याची बांधणी घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे नंतर करून घेई, आणि पाठीवर काय छापायचं ते तो आणि त्याचा बाइंडर ठरवत.

आधी या दोन संचांमागचं भांडण समजून घेऊ, कारण संचांच्या अंगावरच्या खुणा त्यातूनच आल्या आहेत. १७१० च्या कायद्याने पुस्तकावरच्या हक्काला मुदत घातली होती: नव्या पुस्तकाला १४ वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी १४, आणि तेव्हा आधीच छापलेल्या पुस्तकांना २१. हिशेबाने मिल्टन केव्हाच मोकळा झाला होता. पण लंडनचे मोठे पुस्तकविक्रेते म्हणत, कायदा काही म्हणो, आमचा हक्क कायमचा आहे. या हक्कांचे हिस्से पाडून ते आपापसांत लिलावाने विकत. बाहेरच्याने तेच पुस्तक छापलं तर तो चोर ठरे. शेवटी थॉमसनच्या ‘द सीझन्स’ या काव्यावरून एडिंबराचा विक्रेता डोनाल्डसन आणि लंडनचा बेकेट यांच्यातला खटला लॉर्ड्सच्या सभागृहात गेला, आणि २२ फेब्रुवारी १७७४ रोजी कायमच्या हक्काचा दावा निकालात निघाला.

बेल या संधीसाठी टपलेलाच होता. स्ट्रँड रस्त्यावर एक्सेटर एक्स्चेंजजवळ त्याचं दुकान होतं. १७७२ मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ सुरू करणाऱ्यांत तो होता, १७७३-७४ मध्ये त्याने रंगभूमीवर खेळल्या जाणाऱ्या संहितांवरून शेक्सपिअर काढला, १७७६ पासून नाटकांची मालिका. मग ‘द पोएट्स ऑफ ग्रेट ब्रिटन, कम्प्लीट फ्रॉम चॉसर टु चर्चिल’. प्रत्येक खंड १ शिलिंग ६ पेन्स. १०९ खंडांचे १६३ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे ८ पौंड ३ शिलिंग ६ पेन्स होतात. रक्कम लहान नाही, पण ती सुट्या खंडांत फेडता येई, आणि नुसता मिल्टन हवा असेल तर चार खंडांत काम भागे.

लंडनचे विक्रेते यावर कसे हलले ते एडवर्ड डिली या विक्रेत्याने २६ सप्टेंबर १७७७ च्या पत्रात जॉन्सनचा मित्र आणि चरित्रकार बॉसवेल याला कळवलं आहे. बेलची ती क्षुल्लक आवृत्ती, तिचे खिळे (छपाईची अक्षरं) इतके बारीक की अनेकांना वाचता येऊ नये, छपाईत चुका ढळढळीत, आणि वर आम्ही ज्याला आमची वाङ्मयीन मालमत्ता म्हणतो तिच्यावर आक्रमण. ‘आम्ही ज्याला म्हणतो’ हे शब्द त्याचेच आहेत, आणि तीन वर्षांपूर्वीचा निकाल पाहता ते चुकून पडले असतील असं वाटत नाही. बारीक खिळ्यांची तक्रार खरी आहे. चुकांबद्दलचं मत मात्र प्रतिस्पर्ध्याचं आहे, ते तसंच घ्यावं. सुमारे चाळीस विक्रेते एकत्र आले आणि टॉमस डेव्हिस, स्ट्रॅहन आणि कॅडेल हे तिघे डॉ. सॅम्युएल जॉन्सनकडे गेले. प्रत्येक कवीची छोटीशी ओळख लिहून द्यायची, मोबदला २०० गिनी. आकडा जॉन्सननेच सांगितला. पुढे विक्रेत्यांनी आणखी १०० गिनी दिल्या. त्याने १,००० किंवा १,५०० मागितल्या असत्या तरी मिळाल्या असत्या, असं त्या काळचा अभ्यासक मॅलोन याचं म्हणणं होतं.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बेलचा संच खरोखर बेलचा: कवी कोण, आकार कोणता, चित्रं कुणाची, हे ठरवणारा तोच. ‘जॉन्सनचा’ संच मात्र जॉन्सनचा नाही. कवींची निवड विक्रेत्यांची होती, संहिता त्याने तपासल्या नाहीत. वॉट्सच्या चरित्रात तो सांगतो, की ब्लॅकमोर, वॉट्स, पॉमफ्रेट आणि याल्डन हे चार कवी त्याच्या शिफारशीने आले. पाठीवर ‘जॉन्सन्स पोएट्स’ असं घातलेलं पाहून तो भडकला आणि एका चिठ्ठीत त्याने याला उद्धटपणा म्हटलं. तिथे मात्र शिफारशीची नावं दोनच आहेत, ब्लॅकमोर आणि वॉट्स. चार काय की दोन काय, एकूण ५२ कवींत. तेव्हा ‘अमुक कवी जॉन्सनने वगळला’ असं विधान कुठे दिसलं, तर ते जवळजवळ नेहमी चूक असतं.

आता खुणा.

शीर्षकपानाच्या तळाशी पाहा. बेलच्या खंडाला बहुधा दोन शीर्षकपानं असतात. एक कोरीव, चित्राचं: त्यावर मालिकेचं नाव, बेलचं नाव आणि लंडनचा पत्ता. दुसरं खिळ्यांनी छापलेलं: त्यावर त्या कवीचं नाव, किती खंड, आणि खाली एडिंबरा, अपोलो प्रेस आणि मुद्रक मार्टिन्स. एडिंबराचं स्पेलिंग तिथे शेवटच्या ‘एच’शिवाय येतं, ही हमखास खूण. दोन गावांची नावं पाहून गोंधळू नये. छापलं एडिंबरात, काढलं आणि विकलं लंडनमध्ये. कोरीव पान गेलेलं असेल (चित्रांच्या हौशी लोकांनी अशी पानं बरीच फाडली आहेत, त्यांवरची चित्रं मॉर्टिमर आणि स्टॉथर्ड यांच्यासारख्या चित्रकारांची होती) तर उरतं फक्त एडिंबरा, आणि खंड ‘स्कॉटिश चोरटी आवृत्ती’ म्हणून नोंदला जातो. १७७४ नंतर जुने कवी छापणं चोरी उरलंच नव्हतं.

दुसऱ्या संचाचं शीर्षकपान याच्या उलट. त्यावर ‘द वर्क्स ऑफ द इंग्लिश पोएट्स, विथ प्रेफेसेस, बायोग्राफिकल अँड क्रिटिकल, बाय सॅम्युएल जॉन्सन’ आणि तळाशी नावांची रांगच: सी. बॅथर्स्ट, जे. बकलंड, डब्ल्यू. स्ट्रॅहन आणि पुढे कितीतरी. रांगेच्या आधी मुद्रकाचं नाव येतं. काम अनेक छापखान्यांत वाटलेलं असल्यामुळे ते खंडागणिक बदलतं: कुठे एच. ह्यूज, कुठे जे. निकल्स. मुद्रक वेगळा दिसला म्हणून खंड दुसऱ्या संचातला ठरवू नये. त्या काळच्या इंग्रजी शीर्षकपानावर ‘बाय’ नंतर छापणारा आणि ‘फॉर’ नंतर पैसे घालणारा, म्हणजे आजच्या अर्थाने प्रकाशक, येतो. इथे पैसे घालणारे इतके आहेत, की संचाला एका प्रकाशकाचं नाव देताच येत नाही. मग जॉन्सनचं चिकटलं.

शीर्षकपानंच नसतील तर फर्मा, म्हणजे छापलेल्या एका तावातून किती पानं पडली ते, मोजायचा. जॉन्सनचा संच लहान अष्टपत्री: एका तावाच्या तीन घड्या, ८ पानं, १६ पृष्ठं. बेलचा अठरापत्री: एका तावातून १८ पानं, ३६ पृष्ठं. पण १८ पानांची एकच जुडी शिवली तर ती जाड होते आणि घडीशी फुगते. म्हणून अठरापत्री ताव बहुधा तीन तुकड्यांत कापून ६-६ पानांच्या जुड्या करत. पृष्ठाच्या तळाशी, मजकुराखाली, जुडीचं अक्षर असतं: बी, मग बी२, बी३. बी पासून सी पर्यंतची पानं मोजा. आठ आली तर अष्टपत्री, सहा आली तर बेलकडे झुकायला हरकत नाही. अक्षरमालेत २३ अक्षरंच वापरत. जे, डब्ल्यू, आणि यू-व्ही जोडीतलं एक गाळत. म्हणजे एक अक्षरमाला संपली की अष्टपत्रीत ३६८ पृष्ठं होतात आणि सहाच्या जुडीत २७६. अक्षर पुढे गेलंय पण पृष्ठांक जुळत नाहीत, असं दिसलं तर पानं गळाली आहेत.

कागद उजेडात धरून, कागद बनवायच्या साच्यातल्या तारांच्या उमटलेल्या रेघा पाहायची सवय अनेकांना असते. इथे ती फसवते. द्वादशपत्रीत ठळक रेघा आडव्या येतात, पण अष्टपत्री आणि साधारण अठरापत्री, दोन्हींत त्या उभ्याच. रेघा उभ्या म्हणून ‘अष्टपत्री, म्हणजे जॉन्सन’ असा निष्कर्ष काढणारे चुकतात. वॉटरमार्क अष्टपत्रीत शिवणीच्या खाचेत वरच्या टोकाला, तुकड्यातुकड्यांनी सापडतो. घट्ट बांधणीत तो दिसतही नाही. उंचीही पक्की खूण नाही. बेलचा खंड खिशातला, दुसरा त्याहून थोडा उंच, पण बाइंडरने कडा दोनदा कापल्या असतील तर फरक पुसट होतो.

कवीचं नावच पुष्कळदा निकाल लावतं. चॉसर, स्पेन्सर, डन किंवा चर्चिल असेल तर तो जॉन्सनच्या संचातला नाही. बेलने चॉसरला १४ खंड दिले, स्पेन्सरला ८, डनला ३. गंमत अशी, की डिलीच्या पत्रातही योजना चॉसरपासूनची आहे, पण विक्रेत्यांचा संच प्रत्यक्षात सुरू होतो काउलीपासून. डनबद्दल जॉन्सनचं सुप्रसिद्ध विवेचन याच काउलीच्या चरित्रात येतं, त्यामुळे डनच्या कविताही त्या संचात असतील असं अनेक जण धरून चालतात. त्या बेलकडे आहेत. बेलच्या मालिकेत सालांचा क्रमही सरळ नाही: नावात चॉसर पहिला, पण त्याचे खंड निघाले १७८२ मध्ये, डनच्या तीन वर्षांनी.

खंडांचा हिशेब हे जॉन्सनच्या संचातलं खरं दुखणं. ६८ म्हणजे ५६ खंड कविता, २ खंड सूची आणि १० खंड चरित्रं. ‘प्रेफेसेस’चे, म्हणजे या चरित्रांचे, खंडांक स्वतंत्र असल्यामुळे एकाच संचात ‘खंड १’ दोन आहेत. असं का झालं? प्रत्येक ओळख त्या त्या कवीच्या खंडाच्या सुरुवातीला बसवायची होती, म्हणून ती वेगळ्या पृष्ठांकांनी छापली जात होती. पण जॉन्सन लिहीत गेला आणि ओळखींची चरित्रं झाली, शिवाय उशीर. १७७९ मध्ये कवितांबरोबर चरित्रांचे चारच खंड देता आले, उरलेले सहा १७८१ मध्ये. ड्रायडनने तिसरा खंड एकट्याने व्यापला, पोपने सातवा. म्हणून एका खंडात पृष्ठ १ पुन्हापुन्हा दिसलं तर ती बांधणीतली चूक नव्हे. आणि यंगच्या चरित्राचा मोठा भाग हर्बर्ट क्रॉफ्टने लिहिलेला आहे. तो जॉन्सनच्या नावावर उद्धृत करू नये.

आणखी एक सरमिसळ: १७८१ मध्ये हीच चरित्रं कवितांवाचून चार मोठ्या अष्टपत्री खंडांत निघाली. आज ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’ म्हणतात ते हे पुस्तक. ‘लाइव्ह्ज, १० खंड’ अशी नोंद दिसली तर ते ‘प्रेफेसेस’ समजावेत. १७९० मध्ये कवितांचा संच वाढून ७५ खंडांचा झाला, त्यामुळे खंडांक ६८ च्या वर असेल तर तो १७९० चा.

स्कॅनमध्ये शब्द शोधताना दोन्ही संचांत एकच अडचण येते. शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ तेव्हा लांब आकाराचा छापत, यंत्र त्याला ‘एफ’ वाचतं, आणि ‘सोल’ शोधायला जावं तर तिथे ‘फाउल’ होऊन बसलेला असतो. दोन्ही अक्षरांनी शोधावं. लांब ‘एस’ सोडून देणाऱ्या पहिल्या प्रकाशकांपैकी एक पुढे हाच बेल, पण या मालिकेनंतर.

सुट्या खंडाची नोंद करताना या क्रमाने लिहावं: कवी, त्या कवीच्या खंडांतला क्रमांक, छापील शीर्षकपानावरचं गाव आणि मुद्रक, कोरीव पान आहे की नाही, जुडीतली पानं, आणि पाठीवरचं नाव सगळ्यात शेवटी, अवतरणचिन्हांत.