पेपरात आलं की सरकारी अहवाल बाहेर येतो, पण किती?

पावसाळ्यात निपाणी-चिकोडीकडचा माणूस पेपर उघडला की आधी बघतो राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटावर आहे, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, कारण ते पाणी नरसोबावाडीला कृष्णेत मिसळून पुढं आपल्याकडंच येतं. आकडे सरकारी खात्याचे, पण रोज छापून येतात, एक दिवस आले नाहीत तर लोक लगेच विचारतील. त्यामुळं ते दाबून ठेवणं अवघडच आहे.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, पश्चिम घाटात येणाऱ्या खानापूरच्या जंगलाबद्दल मात्र असं झालं नाही.

मार्च २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं डॉ. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी समिती नेमली, ऑगस्ट २०११ च्या शेवटी समितीनं अहवाल दिला, आणि तो मंत्रालयातच पडून राहिला. घाटात कुठं नवीन खाण नको, कुठं मोठं धरण नको हे ज्यात लिहिलंय तो अहवाल घाटातल्याच लोकांना बघायला नाही! केरळमधल्या एकानं माहिती अधिकारात मागितला तर नकार मिळाला. शेवटी एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधींनी तो उघडा करायचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली हायकोर्टात गेलं, मे महिन्यात तिथंही हरलं, आणि त्याच महिन्यात अहवाल वेबसाइटवर आला. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की धोरण ठरल्यावर नाही तर ठरायच्या आधी लोकांच्या हातात शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं पाहिजे, हे मान्य झालं.

आता बातम्यांचा यात संबंध काय? तर यावर नीट संशोधन झालंय. अमेरिकेत १९६८ च्या निवडणुकीवेळी मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोघांनी चॅपल हिल गावातल्या, मत अजून पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारलं की तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कुठले वाटतात, आणि उत्तरं बातम्यांत ज्या प्रश्नांना जास्त जागा मिळाली होती त्यांच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळली. याला अजेंडा सेटिंग म्हणतात. पण पेपरामुळं लोक बदलले की लोकांना आवडतं तेच पेपरनं छापलं? हे तपासायला १९८० च्या दशकात शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी लोकांना मुद्दाम बदल केलेल्या टीव्ही बातम्या दाखवल्या, तर ज्या प्रश्नाच्या बातम्या जास्त दाखवल्या तोच लोकांना जास्त महत्त्वाचा वाटायला लागला. आणि लोकांना जे महत्त्वाचं वाटतं त्यावर आमदार सभागृहात प्रश्न विचारतात, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, फाइल हलते.

पण बातमी कशी मांडली त्यावरही खूप काही ठरतं. गाडगीळ अहवालात जपायच्या भागांच्या सीमा ग्रामसभांशी बोलून पक्क्या करा असं होतं, लोकांपर्यंत मात्र ‘बंदी येणार’ एवढंच जास्त पोचलं. ऑगस्ट २०१२ मध्ये गाडगीळ अहवाल पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला, आणि मग केरळात त्याविरुद्ध मोठं आंदोलन पेटलं. मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या मराठी शेतकऱ्यानं तो कधी वाचायचा? राज्य सरकारचं कामकाज कन्नडमध्ये, केंद्राचं इंग्रजीत, मग त्याच्यापर्यंत विज्ञान पोचायची वाट एकच उरते, बेळगावचा मराठी पेपर नाहीतर मोबाईलवर फिरणारा मेसेज. म्हणून मला कळकळीनं वाटतं की सीमाभागातल्या पत्रकारांनी नुसतं कोण काय बोललं एवढं न छापता मूळ कागदात काय लिहिलंय तेही मराठीत छापावं, कर्नाटक-गोव्यातल्या म्हादई नदीच्या पाणीवादाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण तिथं पाण्याच्या आकड्यांपेक्षा पुढाऱ्यांची भाषणंच जास्त वाचायला मिळतात.

३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह एरियाचा, म्हणजे पर्यावरणासाठी जपायच्या नाजूक भागाचा, केंद्राचा सहावा मसुदा निघाला, साधारण ५६,८२५ चौरस किलोमीटरचा, त्यात कर्नाटकचे २०,६६८. हरकत घ्यायला मुदत ६० दिवस. मसुद्याला गावांची यादी जोडलेली असते आणि त्यात खानापूर तालुक्यातली गावंही आहेत, पुढचा मसुदा निघाला की ती यादी आणि हरकत पाठवायचा पत्ता पहिल्याच आठवड्यात पहिल्या पानावर यायला हवा.