पूर्वज कोणत्या पॅरिशचा?

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खेड्यातला शेतमजूर पूर्वज शोधत १८३७च्या मागे गेलं, की सरकारी जन्मनोंदी संपतात आणि फक्त चर्चच्या वह्या उरतात. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, पण पुष्कळ गावांच्या वह्या सुरू होतात १५५८पासून. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवायला सांगताना ‘विशेषतः राणीच्या (पहिल्या एलिझाबेथच्या, म्हणजे १५५८च्या) राज्यारोहणापासून’ असे शब्द घातले गेले, आणि नकलणाऱ्यांनी आधीची वीस वर्षं सोडून दिली.

खरी अडचण अठराव्या शतकात येते. मजूर एका गावात जन्मतो, दुसऱ्या गावात लग्न करतो, तिथंच चार मुलांचा बाप्तिस्मा होतो आणि मग अख्खं कुटुंब वहीतून नाहीसं होतं. शहरात गेले असतील असं समजून बरेच जण शोध सोडतात. पुष्कळदा त्यांना गावाबाहेर काढलेलं असतं.

यामागचा शब्द ‘सेटलमेंट’. आपल्याला त्यावरून जमाबंदी आठवते, नाहीतर ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत. इंग्लंडच्या खेड्यात त्याचा अर्थ होता, हातातोंडाची गाठ पडेनाशी झाली तर आपल्याला पोसणं ज्या पॅरिशवर (एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर) बंधनकारक आहे, ती पॅरिश. माणूस तिथंच राहत असेल असं नाही. गरिबांना पोसण्याचा भार १६०१च्या कायद्याने पॅरिशवर टाकलाच होता. १६६२च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत उतरलेल्या नवख्याविरुद्ध चाळीस दिवसांत तक्रार झाली, तर दोन मॅजिस्ट्रेटांना त्याला परत धाडता येऊ लागलं.

औरस मुलाला बापाची सेटलमेंट मिळे, बायकोला नवऱ्याची. त्यामुळे विधवेची रवानगी तिने कधी न पाहिलेल्या गावी होऊ शकत होती. अनौरस मूल जन्मेल त्या पॅरिशचं होई, म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला शिवेपलीकडे नेऊन सोडलं जाई. अविवाहित माणसाने एकाच मालकाकडे पूर्ण वर्ष चाकरी केली की त्याला तिथली सेटलमेंट मिळे. काही शेतकरी ती टाळायला एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत. धडधाकट मजुराला प्रत्यक्षात फारसं कुणी हटकत नसे, असं काही अभ्यासक म्हणतात. ते खरं असेलही. पण आजारी, म्हातारा किंवा लेकुरवाळा झाल्यावर त्याच मजुराची गाठ ओव्हरसीअरशी, म्हणजे पॅरिशची गरिबांची मदत सांभाळणाऱ्या माणसाशी पडे, आणि आपले पूर्वज कागदावर सापडतात ते नेमके याच अवस्थेत.

कारण हाकलण्याआधी त्याचा शपथेवर जबाब घेतला जाई. जन्म कुठला, कोणाकोणाकडे किती काळ राबला, मजुरी काय मिळाली, लग्न कुठं झालं, मुलं किती वर्षांची. खाली सहीऐवजी बहुधा फुली. ज्याच्यामागे जमीन नाही, मृत्युपत्र नाही, त्याचं आयुष्य त्याच्या तोंडून कळतं ते बहुधा या एकाच कागदात. हद्दपारीच्या हुकमाची प्रत जिथं पाठवलं त्या पॅरिशलाही जाई. एका गावचा कागद उंदरांनी खाल्ला असेल तर दुसऱ्या गावच्या पेटीत शोधावा.

१७९५ पासून मदत मागितल्याशिवाय माणसाला काढता येईना, गरोदर अविवाहित बाई मात्र त्यातून वगळली गेली. १८३४ मध्ये चाकरीने सेटलमेंट मिळणं थांबलं. तरीही खर्च पॅरिशवरच राहिला, म्हणून एकाच जमीनदाराच्या ‘बंद’ गावांत मजुरांसाठी घरंच बांधू दिली जात नसत, होती ती पाडली जात. तिथले मजूर कॅसल एकरसारख्या ‘खुल्या’ गावात दाटीने राहत आणि मैलोगणती चालत शेतावर जात. १८५१च्या जनगणनेत जन्मगाव एक आणि राहतं गाव दुसरं दिसलं, तर हेही कारण तपासावं. (१८४१च्या जनगणनेत जन्मगाव विचारलेलंच नाही, फक्त त्याच काउंटीत जन्म झाला का, एवढंच.) १८६५ मध्ये खर्च एकेका पॅरिशवरून अनेक पॅरिशींच्या संघावर, म्हणजे युनियनवर गेला आणि घरं पाडण्यातला फायदा संपला.

योग्य सोय नसलेल्या चर्चमधल्या जुन्या वह्या १९७८च्या नियमानंतर अभिलेखागारात गेल्या. नॉरफोकचं अभिलेखागार नॉरिचच्या ग्रंथालयाच्या इमारतीत होतं. १ ऑगस्ट १९९४ला ती इमारत जळाली. तळघरातली कागदपत्रं भिजली, पण बहुतेक वाचली. आज वह्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. जबाब आणि हद्दपारीचे हुकूम मात्र पुष्कळ ठिकाणी अजून पॅरिशच्या नावाखाली, गठ्ठ्यांतच आहेत.