बाटलीतलं सोडियम आणि मिठातलं सोडियम

शिरोड्याच्या मिठागरात पिकणाऱ्या मिठात सोडियम असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला, सुरीनं कापता येणारा धातूही सोडियमच. एक रोज आमटीत पडतं, दुसऱ्याचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. दोन्हींच्या केंद्रकात प्रोटॉन 11च. फरक इलेक्ट्रॉनचा: बाटलीत आहेत उदासीन, म्हणजे एकूण प्रभार शून्य असलेले अणू; मिठात आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे किंवा जास्तीचे घेतल्यामुळे प्रभारित झालेले अणू किंवा अणूंचे गट.

अणू उदासीन असतो तो प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन संख्येनं सारखे असल्यामुळे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 1836 पट जड, पण दोघांचा प्रभार तंतोतंत सारखा, 1.602 × 10⁻¹⁹ कूलोम. एकाचा धन, दुसऱ्याचा ऋण. म्हणून हिशेब नुसत्या मोजणीचा, वजनाचा नाही. केंद्रकातल्या न्यूट्रॉनना प्रभारच नसतो, म्हणून तेही त्यात येत नाहीत. ‘न्यूट्रॉन आहेत म्हणून अणू न्यूट्रल’ हे उत्तर नावाच्या साम्यानं फसवतं. साध्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉन एकही नसतो, तरी तो अणू उदासीनच.

सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी आतल्या कवचापासून बाहेर 2, 8, 1. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन गेला की उरतात 10, समोर प्रोटॉन 11, म्हणून प्रभार +1. इथेच बहुतेकांची चूक होते: अधिक चिन्ह दिसलं की प्रोटॉन 12 लिहून मोकळे. पण 12 प्रोटॉन म्हणजे मॅग्नेशियम! रासायनिक क्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही. आपली भाषाच इथे मदतीला येते: इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण, आणि ऋण फिटलं की धन शिल्लक राहतं. क्लोरीनचं उलट. प्रोटॉन 17, एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन 18, प्रभार −1.

नुसते इलेक्ट्रॉन मोजून मूलद्रव्य ओळखता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. निऑनचा अणू, सोडियमचा आयन आणि +2 प्रभाराचा मॅग्नेशियम आयन, तिघांकडे 10च इलेक्ट्रॉन. ओळख प्रोटॉनवरून.

मग समुद्राचं पाणी आयनांनी भरलेलं असूनही आपल्याला झटका का बसत नाही? कारण एकेक आयन प्रभारित असला तरी सगळ्यांची बेरीज शून्य येते. दर 100 सोडियम आयनांमागे क्लोराइडचे सुमारे 116 असतात. एवढंच पाहिलं तर पाणी ऋण ठरायला हवं. पण मॅग्नेशियमचे 11 आणि कॅल्शियमचे 2 आयन प्रत्येकी +2 चे, पोटॅशियमचे 2 आयन +1 चे. दुसऱ्या बाजूला सल्फेटचे 6, प्रत्येकी −2 चे. अपूर्णांक आणि किरकोळ आयन धरले की दोन्हीकडे साधारण 129 भरतात. त्यातलं मॅग्नेशियम मिठागरवाल्यांच्या डोक्याला ताप: मीठ बसल्यावर उरणारं कडू पाणी वेळेवर काढलं नाही तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठात राहतं आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं.

आयन आहेत की नाहीत हे घरी तपासता येतं. 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि 470 ओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा. दोन मोकळी टोकं पेन्सिलीच्या शिशांना बांधा. शिसं कोरड्या मिठात खुपसली तर दिवा लागत नाही. आयन आहेत, पण स्फटिकात जखडलेले. डिस्टिल्ड पाण्यातही लागत नाही. त्याच पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, लागतो. डिस्टिल्डऐवजी विहिरीचं पाणी घेतलंत, त्यातही मे महिन्यातलं मचूळ, तर मीठ न टाकताच दिवा मिणमिणेल आणि प्रयोग फसल्यासारखा वाटेल. बॅटरीच्या धन टोकाशी जोडलेल्या शिशावर थोडा क्लोरीन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि एक-दोन मिनिटांत आवरा. घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरू नका.