अडेलतट्टू का अडतं?

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून मावसभावानं तीन वर्षांचं घोडं आणलं. दात बघून, चाल बघून घेतलेलं. आठवडाभर शहाण्यासारखं वागलं आणि एक दिवस पांदीत अडलं. वाटेत आडवी होती फक्त ठिबकची काळी नळी, अंगठ्याएवढी जाड. भाऊ टाचा मारतोय आणि पडायच्या भीतीनं लगामही ताणून धरलाय. घोड्याचे कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, चारही पाय रोवलेले. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "हान की फोक!" आबा म्हणाले, "थांब रे. त्याला आधी बगू तर दे."

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो. चरताना मागून येणारा लांडगा हेरायला हे झकास. पण दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा, अंतराचा नीट अंदाज देणारा पट्टा अरुंद असतो आणि तो नाकाच्या रोखानं खाली वळलेला असतो. कपाळाच्या अगदी पुढे तर काहीच दिसत नाही. पायापुढची वस्तू निरखायची तर मान खाली घालायलाच हवी, आणि ताणलेला लगाम नेमकं तेच करू देत नाही. त्यात उन्हातून सावलीत गेलं की त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नळी, पुलाची सावली, डांबरावर साचलेलं पाणी, यातलं काहीही त्याच्या लेखी खड्डा असू शकतं.

शिवाय टाच सांगते 'चल' आणि लगाम सांगतो 'थांब'. घोडं शिकतं ते दाबामुळे नाही, दाब सुटतो त्या क्षणामुळे. एक पाऊल पुढे पडताच टाच सैल झाली, तर त्याला कळतं की चाललं की सुटका. पण स्वार दमून टाचा थांबवतो तेव्हा घोडं उभंच असतं, म्हणजे उभं राहिलं की सुटका हा धडा आपणच देतो. आणि मग मराठीत त्याला अडेलतट्टू म्हणतो.

दुखणं हे कारण तर भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. अडीच ते साडेचार वर्षांत घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून पक्के येतात, याच वयात दाढाही बदलतात. नेमकी तेव्हाच तोंडात लगामाची लोखंडी कडी जाते. यात्रेत वय ओळखायला जबडा उघडतात; हिरड्या कोण बघतं? रुतणारं खोगीर, पोटातला व्रण हीही कारणं असतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, त्यामुळे तासन्‌तास उपाशी बांधलेलं जनावर आतून जळतं. स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या वेदनेची 24 लक्षणं नोंदवलीत. त्यात पुढे जायला कुरकुरणंही आहे. त्यातली आठ किंवा जास्त दिसली, तर दुखण्याची शक्यता बरीच. तेव्हा चाबकाआधी जनावरांचा डॉक्टर.

भाऊ खाली उतरला. समोर उभं राहून दोर ओढणं आबांनी बंद करवलं. ओढलं की घोडं मागेच रेटतं आणि जास्त झालं तर मागच्या पायांवर उभं राहतं. शेजारच्यांची म्हातारी घोडी नळीवरून पुढे नेली. आपलं घोडं किंचित बाजूला वळवलं, एक पाऊल पडलं, दोर लगेच ढिला. मान खाली गेली, नळीचा वास घेतला, फुरफुरलं. मग ओढा ओलांडावा तसे उंच पाय टाकत पार झालं.

संध्याकाळी परतताना तीच नळी दुसऱ्या बाजूनं दिसली आणि ते परत थांबलं. भावानं या वेळी लगाम आधीच सोडला होता.