जंताची गोळी शाळेत कशी पोहोचली

सहाराच्या दक्षिणेकडच्या अनेक देशांत शाळकरी मुलांना जंताची गोळी डॉक्टर नव्हे, वर्गशिक्षक देतात. ही पद्धत रूढ व्हायला दीड शतक लागलं.

तिथल्या मुलांना दोन वाटांनी जंत होतात. एक वाट मातीची. गोलकृमी आणि व्हिपवर्मची अंडी मातीतून हाताला लागून पोटात जातात, तर अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात. दुसरी वाट पाण्याची, म्हणजे बिल्हार्झिया या कृमीरोगाची. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना माणसाच्या रक्तवाहिन्यांत हे कृमी सापडले. ते तिथे पोहोचतात कसे, हे कळायला मात्र १९१५ उजाडावं लागलं. रॉबर्ट लायपर या ब्रिटिश कृमितज्ज्ञांनी इजिप्तमध्येच दाखवून दिलं की मधला मुक्काम गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत असतो. रुग्णाच्या लघवी-शौचातून अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगाईत वाढतात आणि बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. दिवसभर पाण्यात कोण असतं? पोहणारी, पाणी भरणारी, भांडी घासणारी मुलं. या रोगामुळे लघवीतून रक्त जाणं काही भागांत इतकं सर्रास होतं की मुलगा वयात आला, असं लोक समजत.

(कोकणालाही हा रोग अगदीच परका नाही. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शहा यांनी १९५२मध्ये याचे रुग्ण नोंदवले होते.)

विसाव्या शतकात हा रोग पसरायला विकासाचाही हातभार लागला, आणि या इतिहासातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. घानात १९६५मध्ये अकोसोंबो धरण पुरं झालं, व्होल्टा नदीचा विशाल जलाशय झाला आणि काठावरच्या गावांतल्या मुलांत बिल्हार्झिया झपाट्याने वाढला. सेनेगल नदीवर समुद्राचं खारं पाणी अडवण्यासाठी १९८६मध्ये डियामा धरण बांधलं. खारेपणा गेला, उसाचे पाट बारमाही झाले आणि गोगलगाईंचं फावलं. त्यांना खाणारी नदीतली कोळंबी अंडी घालायला खाडीकडे जाते. तिची वाट धरणाने बंद केली. १९८८मध्ये रिशार-तोल या ऊसपट्ट्यातल्या गावात आतड्याच्या बिल्हार्झियाचे रुग्ण दिसू लागले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक गाव बाधित झालं.

औषधाची कथाही सरळ नाही. सुदानमधल्या खार्टूममध्ये १९१८मध्ये डॉ. क्रिस्टोफरसन यांनी अँटिमनी या विषारी मूलद्रव्याच्या क्षारांच्या इंजेक्शनांचा उपचार यशस्वी ठरवला. पण इंजेक्शनं बरीच, तीही शिरेतून आणि त्रासदायक. इजिप्तने १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोहिमा काढून ती लाखो लोकांना दिली. सुया नीट उकळल्या जात नव्हत्या, आणि त्यातून हेपटायटिस सी हा यकृताचा आजार देशभर पसरला. १९७०च्या दशकात जर्मनीत प्राझिक्वांटेल ही बिल्हार्झियावरची गोळी तयार झाली, तेव्हा सुईची गरज संपली. मातीतल्या कृमींसाठी मेबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल ही औषधंही त्याच दशकात तयार झाली.

गोळी सुरक्षित, स्वस्त आणि बहुधा एकाच वेळी घ्यायची. मग प्रत्येक मुलाची तपासणी करण्यापेक्षा, जिथे लागण जास्त तिथे सगळ्यांनाच ती देणं परवडू लागलं. सगळी मुलं एका जागी सापडतात ती शाळेत. प्राझिक्वांटेलचा डोस वजनावर ठरतो, पण शाळेत वजनकाटा कुठून आणायचा? म्हणून खुणा केलेली उंचीची काठी आली: मूल काठीला लावून उभं करायचं, खूण बघायची, तितक्या गोळ्या द्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने २००१मध्ये शाळकरी वयाच्या किमान ७५ टक्के मुलांपर्यंत पोहोचण्याचं उद्दिष्ट ठरवलं, आणि ब्रिटिश परजीवीतज्ज्ञ अ‍ॅलन फेनविक यांच्या पुढाकाराने २००३पासून युगांडात मोठी मोहीम उभी राहिली.

एव्हाना केनियातल्या बुसियामध्ये वेगळाच प्रश्न विचारला गेला होता: गोळीमुळे मुलं शाळेत जास्त येतात का? १९९८पासून ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने गोळ्या देऊन एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी हजेरी मोजली. गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. पुढे पालकांकडून किरकोळ पैसे घ्यायला सुरुवात होताच गोळी घेणारी मुलं ८० टक्क्यांनी कमी झाली. २०१५मध्ये त्याच आकडेवारीची फेरतपासणी झाली आणि संशोधकांत जोरदार वाद पेटला. क्रेमर यांना २०१९मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी सरसकट गोळ्या देण्याचा हजेरीला आणि मोठेपणीच्या कमाईला फायदा किती, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते या वादात एक गोष्ट मागे पडली: पोटात जंत असलेल्या मुलाला औषध द्यायला हजेरीचा किंवा पुढच्या कमाईचा दाखला कशाला हवा?

शाळेची ही वाट शाळेबाहेरच्यांना उपयोगी नव्हती. आईसोबत ओढ्यावर जाणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या बाळाला लागण होते, पण त्याचं नाव हजेरीपटावर नसतं, आणि मोठी कडू गोळी त्याला गिळवतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये औषध देण्याच्या वयाची शिफारस दोन वर्षांपर्यंत खाली आणली, आणि पाण्यात विरघळणारी लहान मुलांची गोळी २०२४मध्ये तिच्या मान्यताप्राप्त यादीत आली. ती वर्गशिक्षकामार्फत पोहोचणार नाही; त्यासाठी लसीकरणासारखी दुसरी यंत्रणा लागेल.