ढाक्यातल्या वर्गातून निघालेली शब्दांची यादी

इंग्रजी शिकायला बसलं की पहिल्यांदा हातात पडते ती यादी. रोजच्या वापरातले हजार शब्द, फार तर दोन हजार. हे हजार कोणी निवडले आणि कशाच्या आधारावर, याचा माग काढत गेलं की आपण शंभर वर्षांपूर्वीच्या ढाक्यात पोहोचतो.

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक 1912 मध्ये बंगालमध्ये आले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बहुतेक मुलं शाळा अर्ध्यावर सोडून जातात, हे ते रोज पाहत होते. त्यांनी यासाठी विम्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मधेच मोडली तर पदरात काय पडतं? तसंच तिसऱ्या-चौथ्या वर्षी इंग्रजी सुटलेल्या मुलाच्या हाती काय उरतं? वेस्ट यांना दिसलेलं उत्तर वाईट होतं. बोलता येत नाही, वाचता येत नाही, वर्षं मात्र गेली. शब्दसंग्रहाच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो हुशार मुलाकडे न बघता गळून पडणाऱ्या मुलाकडे बघतो.

दोष त्यांना क्रमिक पुस्तकांत सापडला. ओळीओळीला नवा शब्द यायचा, एकदा भेटायचा आणि पुन्हा दिसायचा नाही. शिवाय शब्द जुने, काव्यातले. वेस्ट यांनी धडे नव्याने लिहून घेतले. बेटासाठी ‘आइल’ काढून ‘आयलंड’ घातलं, ‘बिहोल्ड’ जाऊन साधं ‘सी’ आलं. नवे शब्द इतके विरळ केले की साधारण पन्नास शब्द वाचल्यावर एखादा अनोळखी भेटावा, आणि भेटलेला पुन्हा पुन्हा समोर यावा. 1926 मध्ये बंगालमधल्या या प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक निघालं. 1935 मध्ये जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत केलेल्या कोशात तर त्यांनी सुमारे 24,000 नोंदींचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत सांगितले. अर्थ बघायला कोश उघडावा आणि त्या अर्थासाठी दुसरा कोश शोधावा, ही शिकणाऱ्याची जुनी रड तिथे थांबली.

तिकडे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक शब्द मोजत होते. लाखो शब्दांचा छापील मजकूर चाळून त्यांनी 1921 मध्ये दहा हजार शब्दांची यादी काढली. मोजणीची गोम अशी, की छापील मजकुरात जे वारंवार येतं ते घरात वारंवार लागतंच असं नाही. चमचा, साबण, कात्री हे शब्द पुस्तकांत क्वचितच भेटतात, पण परक्या गावात पहिल्याच दिवशी अडवतात. 1950 च्या दशकात फ्रान्समध्ये बोलण्याची ध्वनिमुद्रणं ऐकून फ्रेंच शब्द मोजले, तेव्हाही हेच आढळलं: माणसं जेवताना काटा वापरतात, पण त्याचं नाव घेत नाहीत.

मोजणी बाजूला ठेवून इंग्रज भाषाभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये अवघ्या 850 शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. त्यात क्रियापदं फक्त 18. कल्पना इतकी मोहक की 1943 मध्ये चर्चिल यांनीही तिची बाजू घेतली. पण शब्द कमी केल्याने शिकणं कमी झालं नाही. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही पाठ असणाऱ्याला ते एकत्र आले की ‘सहन करणं’ असा अर्थ होतो, हे कसं कळावं? तो एक वेगळाच शब्द आहे, यादीत न मोजलेला.

1934 मध्ये न्यू यॉर्कला वेस्ट, थॉर्नडाइक आणि जपानमध्ये काम करणारे हॅरॉल्ड पामर, शिकणाऱ्यासाठी शब्द कसे निवडावेत हे ठरवायला एकत्र बसले. 1936 मध्ये अहवाल निघाला आणि 1953 मध्ये वेस्ट यांनी त्याची सुधारलेली यादी छापली: सुमारे दोन हजार शब्द. तिचं एक पान जरी पाहिलं तरी मेहनत कळते. एकेका शब्दाखाली त्याचे वेगवेगळे अर्थ, आणि प्रत्येक अर्थापुढे तो शंभरात किती वेळा येतो याचा आकडा. शब्द येतो म्हणजे त्याचा नेमका कोणता अर्थ येतो, हे सांगणारी अशी यादी आजही विरळा. साध्या लिखाणातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास मजकूर एवढ्या शब्दांत बसतो. 2013 मध्ये सुमारे 2,800 शब्दांची नवी यादी आली, तीही याच पायावर.

आपल्याकडची वाट निराळी. कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 चा, म्हणजे आपल्याला शब्दाला शब्द देणारी साधनं लवकर मिळाली. मग तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. नियम पक्के झाले, भाषांतर जमलं. तोंड उघडायची वेळ आली की मात्र गाडी अडायची. 2000 पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झालं. तरी शब्द, उच्चार, अर्थ अशा तीन रकान्यांची वही अजून तशीच चालते.

माझं स्पष्ट मत आहे, की मराठी माणसासाठीची यादी वेगळी हवी. नामं आपल्या घरात केव्हाच येऊन बसली आहेत: गॅस, फ्रिज, चार्जर, तिकीट, स्टेशन, डॉक्टर. ती पहिल्या पानावर कशाला? अडतं ते गेट, टेक, पुट, ब्रिंग या क्रियापदांपाशी. ओळखीच्या एक ताई नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होत्या. ‘दुपारी मुलाला शाळेतून आणायला जाते’ एवढंच त्यांना सांगायचं होतं. स्कूल, टाइम, रिक्षा, सगळे शब्द जवळ होते. क्रियापदापाशी त्या थांबल्या, हाताने खूण केली आणि गप्प झाल्या. ‘पिक’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द त्यांच्या वहीत होते, दोन वेगवेगळ्या पानांवर.